‘चीनला जा’ लिहिणाऱ्यास खुले पत्र



पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्याबद्दल प्रेम नाही आणि तुला नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुझ्या खात्यावरचं नाव खोटं आहे, बाकी बरंच खरं असावं. फोटोत गडावर फडकणारा भगवा, परिचयात ‘मराठी असल्याचा अभिमान’, पोस्टी पुण्याच्या. आषाढीच्या आदल्या दिवशी एका मुलीने अभंग गातानाचा व्हिडिओ टाकला. ती मणिपूरची, इथल्या एका रुग्णालयात नर्स, आमच्याच इमारतीत भाड्याने राहते. तो अभंग तिला वॉर्डातल्या एका वारकरी आजींनी शिकवला. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं, रात्री झोप यायची नाही, आणि रात्रपाळीत ही त्यांच्या उशाशी बसायची. उच्चार थोडे वेगळे, सूर मात्र चोख. त्या व्हिडिओखाली तू लिहिलंस, ‘मोमो विक. अभंग आमच्यासाठी ठेव. चीनला जा.’ त्याखाली तुझ्या मित्रांचे हसरे चेहरे आले आणि मग त्यांच्या चढाओढीत कोरोना, वटवाघूळ, कुत्र्याचं मटण असं सगळं येऊन गेलं.

मणिपूरच्या मैतेई समाजात कृष्णभक्ती अठराव्या शतकापासून घट्ट रुजलेली आहे, इंफाळच्या गोविंदजी मंदिरात रास होतो, हे तुला ठाऊक नाही. पण मुद्दा तोही नाही. ती वैष्णव नसती, ख्रिस्ती असती, कोणीही असती, तरी तिने काय गावं हे ठरवायला तू कोण?

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. त्यातही मानसमापन, म्हणजे माणसाच्या मनात काय चाललंय ते मोजायच्या प्रश्नावल्या कशा बनवतात, हा माझा विषय. तुझ्यासारख्यांनी लिहिलेल्या ओळी वाचून समोरचा माणूस काय करतो, कसा टिकतो, याच्याही प्रश्नावल्या आहेत. तू कधी त्या पाहिल्या नसशील. ज्या कामाला तुझे हात लागलेत त्याचा हिशेब निदान एकदा बघ, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तिने काय केलं ते ऐक. तिने तुला उत्तर दिलं नाही, त्यावरून ती घाबरली असं तू मित्रांना सांगितलंस. ती त्या रात्री पलंगावर बसून यादी करत होती. इन्स्टाग्रामवर एक सोय आहे: नको असलेले शब्द तुम्ही स्वतः लिहून ठेवायचे, ते असलेल्या कमेंट मग आपोआप दडवल्या जातात. दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे, म्हणजे माझ्या पत्नीकडे, विरजण मागायला आली तेव्हा तिने मला ती यादी दाखवली. फोनवर बोटाने सरकवत सरकवत खाली जावं लागत होतं. ‘चिंकि’ ऱ्हस्व, ‘चिंकी’ दीर्घ, रोमन लिपीत एका स्पेलिंगने, दुसऱ्या स्पेलिंगने, मधे टिंब टाकून, एका अक्षराच्या जागी आकडा घालून. ‘नेपाळी’, ‘चायना माल’, ‘कोरोना’, ‘वटवाघूळ’. यंत्राला शिवी कळावी म्हणून ती शिवी तिला स्वतःच्या बोटांनी, प्रत्येक रूपात, स्वतःच टाइप करावी लागली होती. तू एकदा लिहिलंस, तिने ते सात-आठ प्रकारे लिहिलं. आणि ‘मोमो’ यादीत टाकल्यावर तिच्याच मैत्रिणीची कमेंट गायब झाली; ती बिचारी रविवारी मोमो करायला बोलवत होती.

हे एका माणसाचं झालं. आता हे शेकडो माणसांत मोजायचं कसं, ते सांगतो.

मापनी बनवायला बसलं की आधी माणसांशी बोलावं लागतं. तुमच्यावर काय गुदरलं, तुम्ही काय वाचलंत, वाचून काय केलंत. त्या बोलण्यातून वाक्यं काढायची, छोटी, एका दमात वाचता येतील अशी. त्यांना आम्ही विधानं म्हणतो. जाणकारांना दाखवून निम्मी बाद करायची. उरलेली काहीशे माणसांकडून भरून घ्यायची. प्रत्येक विधानापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतच्या पायऱ्या, रेन्सिस लिकर्टने 1932 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीच्या. मग गणित करून कोणती विधानं एकमेकांबरोबर हलतात ते पाहायचं, एकटी पडणारी काढून टाकायची, आणि राहिलेली झोप, चिंता, नैराश्य यांच्या मापांशी ताडून बघायची. एक बरी मापनी व्हायला वर्षं जातात. तुझ्या ओळीला तू किती वेळ दिला होतास?

अमेरिकेत ब्रेंडेशा टाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये 264 शाळकरी मुलांचा अभ्यास छापला. ऑनलाइन वंशद्वेष दुसऱ्या कुणावर होताना पाहिलेली मुलं दहात सात निघाली, मग ती काळी असोत की गोरी. थेट स्वतःवर झेललेली आफ्रिकन अमेरिकन मुलं 29 टक्के, मिश्र वंशाची आणि इतर 42 टक्के. ज्यांनी थेट झेललं त्यांच्यात नैराश्य आणि चिंता जास्त होती. ही चौदा ते अठरा वर्षांची मुलं होती, गृहपाठाच्या आणि बास्केटबॉलच्या वयातली.

पुढे 2017 मध्ये ब्रायन क्युम आणि मॅथ्यू मिलर यांनी प्रौढांसाठी मापनी केली. हजाराहून अधिक अल्पसंख्य वंशांच्या लोकांनी ती भरली आणि त्यातून 30 विधानं उरली. त्यांचे तीन गट पडले. स्वतःवर झालेला हल्ला. दुसऱ्यावर होताना पाहिलेला हल्ला. आणि तिसरा, ज्याचा विचार तू स्वप्नातही केला नसशील, तो म्हणजे पडद्यावरच्या बातम्या आणि व्हिडिओंमधून ‘जग माझ्या लोकांना असंच वागवतं’ हे पुन्हा पुन्हा समोर येत राहणं. तुझी ओळ या तिन्ही खणांत बसते. तिच्यासाठी ती पहिल्या खणात. तिच्या वसतिगृहातल्या जुन्या मैत्रिणींनी ती वाचली, त्यांच्यासाठी दुसऱ्या. आणि इंफाळमध्ये तिच्या धाकट्या भावाने वाचली. तो पुण्याला शिकायला यायचं म्हणत होता. त्याच्यासाठी ती तिसऱ्या खणात. एका दगडात तू तीन घरं फोडलीस, आणि त्यातल्या दोन घरांत कोण राहतं याचा तुला पत्ताही नाही.

आता टिकण्याचं माप. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी 1984 च्या पुस्तकात एक गोष्ट पक्की केली, ती मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो: ताणाशी सामना म्हणजे जिंकणं नव्हे. ताण पेलताना माणूस जी धडपड करतो ती सगळी सामन्यात धरायची, मग ती फळाला येवो न येवो. मेफेन वेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये भेदभावाशी सामना मोजणारी 25 विधानांची मापनी तयार केली. त्यात माणसं पाच वाटांनी जाताना दिसली. कुणी समोरच्याला आणि आजूबाजूच्यांना समजावत बसतो. कुणी उभा ठाकून विरोध करतो. कुणी गप्प राहून अंतर ठेवतो, कुणाकडेच मदत मागत नाही. कुणी दोष स्वतःवर घेतो, आपलंच काही चुकलं असेल म्हणतो. आणि कुणी दारू किंवा नशेकडे वळतो.

या पाच वाटा आमच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देताना एक गोष्ट मला दर वेळी टोचते. पाचही वाटांवर चालायचं आहे ते तिनेच. समजावायचं तर तिने, भांडायचं तर तिने, गिळायचं तर तिने. रात्रपाळी करून आलेल्या बाईने तुला भूगोल शिकवायचा, की मणिपूर भारतात आहे! या कामाचा पगार नाही, सुट्टी नाही, आणि ते केलं नाही तर ‘घाबरली’ हा शेरा आहे.

गप्प बसणं स्वस्त पडतं असं तुला वाटत असेल. नॅन्सी क्रीगर यांनी 1996 मध्ये अमेरिकेतल्या तरुण काळ्या आणि गोऱ्या प्रौढांच्या रक्तदाबाचा मोठा अभ्यास छापला. कष्टकरी काळ्या लोकांमध्ये जे म्हणाले की अन्याय आम्ही मुकाट सोसतो आणि भेदभाव तर आमच्याशी कधी झालाच नाही, त्यांचा वरचा रक्तदाब सुमारे 7 मिलिमीटरने जास्त होता. कुणाशी तुलना करता? ज्यांनी थोडाफार भेदभाव झाल्याचं सांगितलं आणि त्याला विरोधही केला, अशांशी. तोंड मिटलं तरी धमन्या मोजत होत्या.

मग उलट, जीव तोडून लढायचं? त्याचंही माप झालेलं आहे. शर्मन जेम्स हे साथरोगतज्ज्ञ. नॉर्थ कॅरोलायनामध्ये त्यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचे एक काळे शेतकरी भेटले. वाट्याने शेती करणाऱ्या घरात जन्मलेले, स्वतःचं स्वतः वाचायला शिकलेले, रात्रंदिवस राबून चाळिशीपर्यंत 75 एकर जमिनीचे मालक झालेले. साठी जवळ येता येता रक्तदाब, संधिवात आणि पोटातला व्रण इतका वाढला की त्यांच्या जठराचा 40 टक्के भाग काढावा लागला. जेम्स यांनी त्यावरून 12 विधानांची मापनी बांधली आणि तिला त्या नावाची ओळख दिली, शिवाय लोकगीतातल्या त्या जॉन हेन्रीची, जो वाफेच्या यंत्राशी हातोड्याने स्पर्धा करून जिंकला आणि तिथेच कोसळला. साधनं तुटपुंजी असताना हार न मानता झुंजत राहिलं की त्याची किंमत शरीर चुकवतं, असा त्या कामाचा रोख आहे.

म्हणजे गप्प बसलं तरी किंमत, झुंजलं तरी किंमत. त्यातल्या त्यात आधार कशाचा? टाइन्स यांच्याच 2012 च्या अभ्यासात आफ्रिकन अमेरिकन मुलांमध्ये ज्यांना आपल्या समाजाबद्दल आपलेपणा होता आणि स्वतःबद्दल आदर होता, त्यांना चिंतेचा मार कमी बसला. तू नेमका तिथेच घाव घातलास. तिचा चेहरा, तिचं गाव, तिचं खाणं यांचीच तुला थट्टा सुचली. ज्या भिंतीला टेकून ती उभी राहू शकते तिच्याच विटा काढायच्या, हे तुझ्या हाताला न शिकवता जमतं.

आणखी एक, जे रस्त्यावरच्या शिवीत नसतं. रस्त्यावर कुणी शिवी दिली तर माणूस पुढे निघून जाऊ शकतो. शिवी हवेत विरते. तुझी ओळ विरत नाही. ती रात्री दोनला असते, सकाळी डबा भरताना असते, दवाखान्यातली सहकारीण ती वाचून ‘जाऊ दे गं’ म्हणते तेव्हाही असते. आणि निघून जायचं तर कुठून? त्याच फोनवर आई आहे, त्याच खात्यावर तिची गाणी ऐकणारी माणसं आहेत, गेल्या दिवाळीत पाडवा पहाटेला गायचं आमंत्रण तिला तिथूनच आलं होतं. तिथून उठायचं म्हणजे तिने कमावलेलं सगळं तुझ्या स्वाधीन करायचं.

इथे माझ्या विषयाची एक मोठी अडचण आहे आणि ती मला मनापासून छळते. कुणी तुला ब्लॉक केलं तर ते पळणं धरायचं की स्वतःचा बचाव? कुणी उत्तरादाखल हसरा चेहरा टाकला तर ते धैर्य की लाचारी? विधान तेच, खूण तीच, अर्थ दोन टोकांचे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जी माणसं खातं बंद करून निघून गेली ती आमच्या नमुन्यात सापडतच नाहीत. प्रश्नावली भरतात ते राहिलेले. गेलेल्यांचं माप कुणाकडेच नाही.

गेलेले असतात. 2020 च्या मे महिन्यात, साथ ऐन भरात असताना, कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या नर्स मोठ्या संख्येने राजीनामे देऊन घरी परतल्या. कारणं अनेक होती, पण चेहऱ्यावरून हिणवलं जाणं, ‘कोरोना’ म्हणणं, अंगावर थुंकणं हीसुद्धा त्यात होती. रुग्णालयांना तेव्हा एकेक हात हवा होता. त्याच्या थोडं आधी, मार्चमध्ये, दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर पानाची पिंक टाकून हाच शब्द फेकला गेला. आणि त्याच्याही आधी, 2014 च्या जानेवारीत, अरुणाचलचा निडो तानियाम नावाचा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याच्या रंगवलेल्या केसांवरून टवाळी सुरू झाली, तो चिडला, त्याला मारलं, तो गेला. सुरुवात तुझ्या ओळीच्याच जातीच्या एका वाक्याने झाली होती. त्यानंतर सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशद्वेषी अवमानासाठी कायद्यात दोन स्वतंत्र कलमं सुचवली. ती आजतागायत आली नाहीत. तुझा धीर त्या रिकाम्या जागेवर उभा आहे.

तू म्हणशील, खोट्या नावामागचे चार टवाळखोर, त्यांना काय एवढं मनावर घ्यायचं. 11 जुलै 2021 ला वेम्बलीवर इंग्लंड युरो स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टींवर हरला. मार्कस रॅशफर्ड, जेडन सॅन्चो आणि बुकायो साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या. साका तेव्हा 19 वर्षांचा होता. त्या रात्री त्यांच्या खात्यांवर माकडांची चित्रं आणि वर्णद्वेषी शिव्या यांचा चिखल झाला. ब्रिटिश पोलिसांनी 207 पोस्ट गुन्हा ठरण्याजोग्या मानल्या. ट्विटरने नंतर स्वतःच्या कारवाईचा आढावा घेतला तेव्हा कायमची बंद केलेल्या खात्यांपैकी 99 टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्यासारखे निघाले. बुरखा वगैरे काही नव्हता. नोकऱ्या करणारी, घरी जाऊन जेवणारी माणसं होती ती. तूही कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी सहकारी आहेस, आणि ओळखता येण्यासारखा आहेस.

आता तुझ्या स्वतःच्या भिंतीवर येऊ. मी ती नीट वाचली. तिथे तू कॅनडातल्या भारतीय विद्यार्थ्यांना ‘परत जा’ म्हणणाऱ्यांवर आग ओकली आहेस. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांना ट्रम्प यांनी सल्लागार नेमलं आणि अमेरिकेतल्या भारतीयांवर घाणेरड्या शब्दांचा पूर आला, त्याचाही तू निषेध केलास, तीन लांब परिच्छेद लिहून. ते परिच्छेद चांगले आहेत. ‘आमची मुलं तिथे कष्ट करून मान मिळवतात’ हे तुझं वाक्य मला पटलं. ते तू त्या अभंग गाणाऱ्या नर्सला का लावलं नाहीस? टोरोंटोतली तुझी मावसबहीण दुखावते आणि पुण्यातली ही मुलगी दुखावत नाही, हा फरक तू कोणत्या मापाने काढलास ते मला सांग. माझ्याकडच्या एकाही मापात तो निघत नाही.

आणि तू मराठी आहेस, म्हणून तुला हे कुणी सांगितलं नव्हतं अशी सबब चालायची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि 1946 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे मांडलेल्या गाऱ्हाण्याच्या प्रती मागवल्या. इथलं दुःख आणि तिथलं दुःख शेजारी ठेवून पाहायची नजर त्या पत्रात आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीसुद्धा ब्लॅक पँथरकडे बघत. माणसाच्या जन्मावरून त्याला हिणवलं की काय होतं हे या मातीत गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या भोगलं गेलं आणि मग मराठीतच लिहिलंही गेलं. त्या भाषेत तू ‘अभंग आमच्यासाठी ठेव’ असं लिहितोस. पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी चोखामेळ्याची समाधी आहे. त्यांनाही आत येऊ दिलं नव्हतं, आणि देऊळ आमचं म्हणणारे तेव्हाही होते.

हे सगळं तुलाच का लिहितो, त्याला एक कारण आहे. तुझ्यासारख्यांवर झालेल्या अभ्यासांतला एक मला महत्त्वाचा वाटतो. केविन मंगर या संशोधकाने 2017 मध्ये तो छापला. ट्विटरवर काळ्यांना उद्देशून शिवी वापरणारे गोरे पुरुष त्याने शोधले आणि स्वतः बनवलेल्या खात्यांवरून त्यांना एवढंच लिहिलं की अशा भाषेने खऱ्याखुऱ्या माणसाला लागतं. काही खात्यांचा चेहरा काळा ठेवला, काहींचा गोरा. काहींना अनुयायी थोडे, काहींना भरपूर. शिवी ठळकपणे कमी झाली ती एकाच प्रकारच्या खात्याने हटकल्यावर: गोऱ्या आणि अनुयायी भरपूर असलेल्या. ज्याला लागलं त्याने सांगितलेलं तुमच्या कानात शिरत नाही. आपल्यातला, आणि आपल्याहून वजनदार, असा कुणी बोलला तर शिरतं. हे वाचून मला आनंद झाला नाही, संताप आला. त्या मुलीचं दुःख तिच्या तोंडून तुला ऐकू येत नाही, माझ्या तोंडून येईल, ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज तुझी आहे. पण उपाय जर हाच असेल तर तो मी करणार. मी मराठी आहे, पुरुष आहे, पांढऱ्या केसांचा आहे, या शहरात माझे विद्यार्थी बऱ्याच कचेऱ्यांत बसलेले आहेत. मी तुला सांगतो आहे: तू केलंस ते नीच काम आहे.

हसरे चेहरे टाकणाऱ्यांनाही हे लागू आहे. तुमच्यात दोघे माझे जुने विद्यार्थी आहेत, मला नावं दिसली. एकाने तर माझ्याच हाताखाली चिंतेच्या मापनीवर प्रकल्प केला होता. त्याला मी फोन केला. तो म्हणाला, ‘सर, नुसती गंमत होती.’ त्याला मी ती शब्दांची यादी पाठवली, तिच्या परवानगीने. त्याने दुसऱ्या दिवशी तिला लिहिलं आणि आपल्या गटातही लिहिलं, स्वतःच्या नावाने. तिने उत्तर दिलं नाही. द्यायचं की नाही हे ती ठरवेल. त्याला माफ करणं हे तिच्या कामांच्या यादीत वाढवायचा मला अधिकार नाही.

तुझ्याकडून काय हवं ते आता स्पष्ट लिहितो. ओळ नुसती पुसू नकोस. पुसलीस तर ज्यांनी वाचली त्यांच्यासाठी ती तशीच राहते आणि तू मात्र सुटतोस. आधी त्याच जागी, खऱ्या नावाने, तू काय लिहिलं होतंस आणि ते का चूक होतं ते लिही. तिला वेगळा संदेश पाठवू नकोस, तिच्या खासगी खात्यात शिरू नकोस, ‘पण तुम्हीही समजून घ्या’ असलं काही जोडू नकोस. ते आठवडाभर तिथे राहू दे, मग हवं तर दोन्ही काढ. मित्रांच्या गटात पुढचा कुणी असंच काही टाकेल तेव्हा पहिला तू बोल. मंगरचा अभ्यास खरा असेल तर तुझं ते ऐकतील.

हे झालं नाही तर सायबर पोलिसांकडे द्यायचा अर्ज तिने लिहून ठेवला आहे. व्हिडिओची लिंक, तारखा, प्रत्येक कमेंटचे स्क्रीनशॉट, तुझ्या खात्याचं नाव, सगळं क्रमाने लावलेलं आहे. नर्सच्या हाताला नोंदी ठेवायची सवय असते. मराठी मसुदा मी तपासून दिला आहे. अर्ज कधी द्यायचा ते ती ठरवेल. साक्षीदाराच्या रकान्यात माझी सही झालेली आहे, आणि काकूंचीही.